बावीस मिनिटांचा समुद्र

माझं शिक्षण चौथी पास. हे मी कधी लपवलं नाही आणि कुणी विचारल्याशिवाय सांगितलंही नाही. आमच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, चौघेही पदवीधर. काळे झगे घालून काढलेले त्यांचे फोटो बैठकीच्या खोलीत टांगलेले आहेत आणि त्यांच्यावरची धूळ मी पुसते, कारण पदवीधरांना धूळ दिसत नाही. त्या चौघांना जे काम करता येईना ते माझ्या चौथीनं केलं, आणि त्यात काय घोळ घातला, तोही मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितला तर मीठमसाला लावतील.

धाकटी सून विद्यापीठात विद्यार्थी साहाय्य कक्षात कामाला आहे. ज्याला जिना चढता येत नाही, ज्याला फळा दिसत नाही, जो आठ दिवस खोलीचं दार लावून बसलाय, ती सगळी मुलं हिच्या टेबलापाशी येतात. पोरगी कामाची आहे, हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही.

त्या सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन नुसतीच उभी होती.

"पिणार आहेस की नुसता बघून निववणार आहेस?" मी म्हटलं.

"उद्या दहाला भूगोलाचा पेपर आहे, आई. एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. त्याचा लेखनिक काल गाव सोडून गेला. बहिणीला बरं नाही म्हणे."

लेखनिक म्हणजे काय ते तिनं मला आधीही सांगितलं होतं. परीक्षार्थी बोलतो, लेखनिक लिहितो. दिसणाऱ्याचे हात उसने घ्यायचे.

"मी बसतो की," थोरला म्हणाला. "रजा टाकतो."

"तुम्ही एम. कॉम. आहात, भाऊजी. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. नात्यातला चालत नाही, त्या विषयाचा चालत नाही. नाहीतर हाच उत्तरं सांगतोय असं म्हणतात. हा एम. ए.ला आहे. शाळा-कॉलेजातली कुणी मिळेना, सगळ्यांच्या स्वतःच्या परीक्षा चालू आहेत."

"म्हणजे शिकलो हीच चूक झाली," मोठी सून म्हणाली.

"कमी म्हणजे किती कमी?" मी विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. असं पाहिलं की मला कळतं. मी घरात नवीन नाही.

"चार तास लिहायचं असतं, आई," धाकटी म्हणाली.

"या गल्लीतल्या बायकांची पत्रं चाळीस वर्षं कोण लिहितंय?"

"आता पत्रं कोण पाठवतं?" थोरला म्हणाला.

"म्हणूनच हात मोकळा आहे."

दुपारी मी कक्षात हजर. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, घडी घालून भिंतीला टेकवलेली चाकाची खुर्ची, आणि खिडकीत एक रोप, ज्याला पाणी जास्त होत होतं. तिथल्या कारकुनानं फॉर्म भरताना मान वर केली.

"शिक्षण?"

"चौथी."

"चौथीपर्यंत?"

"चौथी पास. नुसतं 'पर्यंत' लिहून पास खाऊ नका."

मग तो मुलगा आला. तेवीस-चोवीसचा असेल, अंगानं सडपातळ, शर्ट इस्त्रीचा. भिंतीला बोटं लावत आला आणि खुर्ची न शोधता बरोबर खुर्चीत बसला. मी मनात त्याला भूगोलवाला म्हणायला लागले आणि नंतर तोंडावरही तेच म्हटलं. त्याला चाललं.

"आजी, तुमचा वेग किती आहे?"

"तुझ्या जिभेला पुरेल इतका."

तो हसला. मग हसू गेलं आणि त्यानं मला काय ते सरळ सांगितलं. हा पेपर त्याचा दोनदा राहिला होता. एकदा लेखनिक आलाच नाही, एकदा आला तो इतका सावकाश लिहिणारा की निम्मा पेपर कोरा गेला. ही तिसरी वेळ. यात सुटला नाही तर प्रवेश रद्द, वसतिगृहाची खोली रद्द, आणि घरी जाऊन भावाच्या दुकानात फोन उचलायला बसायचं.

"फोन उचलणं वाईट नाही," तो म्हणाला. "पण मला समुद्र शिकवायचाय."

"समुद्र?"

"सागरविज्ञान. मुलांना शिकवायचंय."

धाकटीनं आमची पद्धत ठरवून दिली. तो एक वाक्य बोलणार, मी लिहिणार. लिहून झालं की मी 'हं' म्हणणार, मग तो पुढचं बोलणार. त्याला कागद दिसत नाही, तेव्हा माझा 'हं' हीच त्याची खूण.

"आणि आई, तो बोलेल तेच. मनाचा एक शब्द नाही. नाहीतर त्याचा पेपर बाद होईल."

"मनाचं बोलायला मला घर आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला वरच्या मजल्यावर टोकाची खोली दिली होती. त्याच्या बोलण्याचा बाकीच्यांना त्रास नको म्हणून वेगळी खोली. लांब टेबल, तीन खुर्च्या, वर सावकाश फिरणारा पंखा. खिडकीबाहेर मोठं झाड होतं आणि त्याच्या पानांमधून ऊन आत येऊन टेबलावर हलत होतं. पर्यवेक्षक म्हणून एक सर होते, शांत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ते कोपऱ्यात बसून कसलीशी वही तपासत होते आणि मधून मधून आमच्याकडे बघत होते. इतरांना तीन तास, आम्हाला ताशी वीस मिनिटं जादा. दहा ते दोन.

सरांनी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. भूगोलवाल्यानं डोळे मिटले. मिटले काय नि उघडे काय, पण त्यानं मिटले.

"पहिला प्रश्न. लिहा. समुद्राचं पाणी कधीही स्थिर नसतं."

मी लिहिलं. "हं."

"वारा त्याला वरून ढकलतो, चंद्र त्याला ओढतो, आणि ऊन त्याला हलकं करतं."

"हं."

असं सुरू झालं. पहिला तास मी नुसती बोटं होते. डोकं घरी ठेवून आले होते म्हणा ना. काना, मात्रा, वेलांटी, टिंब. पण हा पोरगा काय बोलत होता. मी घाटाची वळणं पाहिली आहेत, धरण पाहिलंय, पूर आलेली नदी पाहिली आहे. समुद्र नाही. यजमान नेतो नेतो म्हणत राहिले आणि मग त्यांचं नेणं राहून गेलं. मी हे कुणाला सांगत नाही, कारण मग मुलं गाडी काढतात आणि वाटेत चार वेळा म्हणतात, बघ, तुझ्यासाठी चाललोय.

आणि इथे हा, ज्यानं काहीच पाहिलेलं नाही, तो माझ्यासमोर समुद्र उलगडत होता, घडी घातलेली चादर उलगडावी तसा. इथे गरम पाण्याची वाट, तिथे गार पाण्याची. दोन्ही भेटतात तिथे धुकं उभं राहतं, आणि त्या धुक्याखाली मासे जमतात, इतके की जहाजांना वाट द्यावी लागते. भरतीचं पाणी किनाऱ्याला चढतं ते सगळीकडे सारखं नाही, कुठे गुडघाभर, कुठे घराएवढं. मी लिहीत होते आणि टेबलावरचं ऊन हलत होतं. पंखा वर गोल फिरत होता. एकदा वाटलं की खोलीच हळूहळू सुटतेय किनाऱ्यापासून. मी खुर्चीचा हात धरला आणि लिहीत राहिले.

तीन प्रश्न झाले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सरांनी पाणी दिलं. भूगोलवाल्यानं माझी बोटं चाचपून बघितली.

"दुखतात?"

"तुझी जीभ दुखते का?"

"नाही."

"मग चल."

चौथा प्रश्न मोठा होता, सगळ्यात जास्त गुणांचा. समुद्राच्या तळाशी वाहणाऱ्या पाण्यावर.

"बर्फाच्या प्रदेशाजवळ पाणी गार होतं," तो म्हणाला. "पाण्याचा बर्फ होतो तेव्हा मीठ मागे राहतं. म्हणून उरलेलं पाणी जास्त खारट होतं. गार आणि खारट पाणी जड असतं."

"हं."

"जड झालं की ते खाली बसू लागतं."

"हं."

"ते तळाला पोचतं आणि तिथून चालू लागतं. हे चालणं अतिशय सावकाश असतं. तिथून निघालेल्या पाण्याला पुन्हा वर यायला सुमारे एक हजार वर्षं लागतात."

एवढं मी लिहिलं. हजार वर्षं हे शब्द लिहिले, पूर्णविराम दिला, 'हं' म्हटलं, आणि पेन कागदावरून उचललं.

मग मी खाली गेले.

आता हे सांगताना वेडगळ वाटेल, पण मला झोप लागली नव्हती. डोळे उघडे होते, टेबलावरचं ऊन दिसत होतं. फक्त ते ऊन वरून येत होतं, फार वरून, आणि मी त्याच्या खाली खाली चालले होते. थंड होतं, पण थंडी वाजत नव्हती. मीच ती थंडी होते. जड होते, आणि त्या जडपणाचा कुणाला त्रास नव्हता. तळ लागला तो मऊ, दळलेल्या पिठासारखा. मी चालू लागले. घाई नव्हती. वर कुठेतरी तो बोलत होता, त्याचा आवाज पाण्यातून यावा तसा येत होता, शब्द नाही, नुसता आवाजाचा उतार. आणि त्या तळाशी मला एक गोष्ट उमगली. कुणी हाक मारत नव्हतं. आई नाही, आजी नाही, अहो ऐकलंत का नाही, किल्ली कुठे आहे नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून असं एकदाही झालं नव्हतं. डोंगर होते तिथे, पाण्याखालचे, त्यांना वळसा घालून मी गेले. काहीतरी पांढरं वरून सावकाश पडत होतं. एक वर्ष गेलं. शंभर गेली. मी काही शिळी झाले नाही.

मग हळूहळू अंगाला ऊब लागू लागली. वर उजेड आला.

"शेवटचं वाक्य वाचून दाखवा, आजी. मग पाचवा घेऊ."

मी कागदाकडे पाहिलं. अर्ध्या पानावर 'एक हजार वर्षं लागतात.' पूर्णविराम. त्याखाली कोरं.

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

कसं झालं ते मला लगेच कळलं. हा पोरगा फसला माझ्या 'हं'ला. चाळीस वर्षं यजमान जेवताना कचेरीतल्या गोष्टी सांगायचे आणि मी 'हं' म्हणत भाकरी थापायचे. एक शब्द कानात जायचा नाही, पण 'हं' बरोबर जागच्या जागी पडायचा. नातवंडांच्या गोष्टींना तोच 'हं'. तो माझ्या डोक्यातून येतच नाही, घशातच राहतो. मी हजार वर्षं तळाशी फिरत होते आणि वर घसा एकटा काम करत होता.

"आजी?"

आणि मी काय केलं ते सांगते. मी कोऱ्या कागदाकडे बघत वाचलं, "अशा रीतीने खोल समुद्राचं पाणी पुन्हा उजेडाला येतं आणि त्याला ऊब मिळते."

त्यानं मान एका बाजूला केली. "असं म्हणालो मी? बरं म्हणालो की."

तो खूश झाला. त्याला वाटलं, आपलं उत्तर आपल्याला आठवतंय त्याहून चांगलं झालंय. त्यानं हात चोळले आणि म्हणाला, "चला, पाचवा."

त्यानं एवढ्या सहज विश्वास ठेवला नसता तर कदाचित मी पुढे गेले असते. मला माझ्या घरात कुणी कधी चुकीचं ठरवलेलं नाही. मीठ जास्त झालं तर घरचे पाणी पितात, बोलत नाहीत.

"थांब," मी म्हटलं. "मी लिहिलं नाही."

"काय नाही लिहिलं?"

"हजार वर्षांच्या पुढचं काहीच नाही. आत्ता वाचलं ते माझं होतं."

त्याची बोटं टेबलाच्या कडेवर होती, ती तिथेच थांबली. मला वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर मी दोन शब्द परत दिले असते आणि हिशोब मिटला असता. पण त्यानं नुसतं विचारलं, "किती वेळ राहिलाय?"

"पंचावन्न मिनिटं," सर म्हणाले. ते उठून आले होते. त्यांनी कोरं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चौथा सुरू झाल्याची टिपलेली वेळ पाहिली. "बावीस मिनिटं गेली. आता चौथा पुन्हा सांगून पाचवा बसणार नाही. सोडावा लागेल एक."

"सोडला तर पास होणार नाही मी," भूगोलवाला म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत होता.

सरांनी नियमांचं चोपडं काढलं आणि धाकटीला बोलावणं धाडलं. ती जिन्यावरून धावतच आली असावी, पदर खांद्यावरून घसरलेला. सरांनी तिला सांगितलं. लेखनिकाच्या चुकीनं गेलेला वेळ परत देता येतो. पण लेखनिकानं स्वतः लिहून द्यायला हवं की चूक माझी आहे. केंद्रप्रमुखांची सही होईल, आणि तो कागद उत्तरपत्रिकेबरोबर वर जाईल.

"वयही आहे," सर हळूच म्हणाले. "चक्कर आली असं लिहिलंत तरी..."

"चक्कर लिहिली तर पेपर थांबवून दुसरा लेखनिक आणावा लागेल," धाकटी म्हणाली. "तो नाहीये."

"आणि मला चक्कर आलेली नाही," मी म्हटलं. "मी ठणठणीत आहे."

धाकटी माझ्या कानाशी आली. "आई, लिहिलंत तर तुमचं नाव यादीतून कायमचं जाईल. चौकशीला बोलावतील."

"आणि तुझं? तूच आणलंस मला."

"माझं मी बघते. लिहा."

मला असं हुकूम सोडल्यासारखं 'लिहा' म्हणणारं आजवर कुणी झालं नाही. सून तर नाहीच. मी तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती मुळीच घाबरलेली दिसत नव्हती.

मी कागद ओढला आणि लिहिलं: परीक्षार्थीने चौथ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण सांगितले. मी ते लिहिले नाही. मला ऐकू येत होते, तब्येत चांगली होती, माझे लक्ष नव्हते. त्याची काही चूक नाही. चूक माझी आहे.

शेवटचं वाक्य लिहायला जरा वेळ लागला. ती अक्षरं मी कधी लिहिलेली नव्हती, हात सापडेना. मग खाली नाव घातलं, पूर्ण, माहेरचंही.

केंद्रप्रमुख आले, त्यांनी वाचलं, भुवई उचलली, सही केली. बावीस मिनिटं मिळाली. कागदपत्रांत गेलेला वेळही सरांनी धरला.

"पुन्हा सांग," मी भूगोलवाल्याला म्हटलं. "आणि माझ्या 'हं'वर जाऊ नकोस. लिहून झालं की मी टेबलावर टिचकी मारीन."

"पहिल्यासारखं नाही जमणार," तो म्हणाला. "ते गेलं."

"जेवढं येईल तेवढं दे."

त्यानं दिलं. आधीपेक्षा लहान होतं, कोरडं होतं, पण एकामागून एक नीट ठेवलेलं. मी पेन एकदाही कागदावरून पूर्ण उचललं नाही. समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या प्रश्नाची शेवटची ओळ झाली, मी टिचकी मारली, आणि सर म्हणाले, वेळ संपली.

पुढचं थोडक्यात. धाकटीला वरून एक पत्र आलं, तिनं त्याला एक उत्तर दिलं, आणि प्रकरण तिच्या फाइलीत निजलं. माझं नाव यादीतून निघालं. चौकशीला मी गेले. तिथे एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, लक्ष कुठे होतं? मी म्हटलं, त्याच्या उत्तरात. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

महिन्या-दीड महिन्यानं निकाल लागला. भूगोलवाला पास झाला, काठावर नाही पण काठाच्या जवळच. ते सांगायला तो एका दुपारी घरी आला, धाकटीचा खांदा धरून. मोठीनं चहा ठेवला. थोरल्यानं त्याला खुर्ची दाखवायला हात पुढे केला, तोवर तो बसलासुद्धा होता.

"पहिलं उत्तर असतं तर बरेच जास्त पडले असते," मी म्हटलं.

"पडले असते," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, ते मला आवडलं.

चहा पिऊन झाल्यावर सगळे आपापल्या कामाला गेले. पंखा फिरत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"आजी, त्या बावीस मिनिटांत होतात कुठे तुम्ही?"

आजवर घरात कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. खाली जाणं, ते मऊ तळाचं पीठ, डोंगर, वरून पडणारं पांढरं. हाक नसणं. तो अंग पुढे टाकून ऐकत होता.

"पांढरं पडतं ते खरं आहे," तो म्हणाला. "वरच्या मेलेल्या बारीक जिवांचा चुरा असतो, बर्फासारखा पडत राहतो. पण तुम्ही म्हणता तेवढा उजेड नसतो तिथे. तिथे काळोख असतो."

"तुला काय ठाऊक? तू पाहिलायस?"

"नाही. तुम्ही?"

"मी चालून आले."

तो म्हणाला, "मग किती होता, सांगा. मोजून."

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. खोलीत दुपार होती, पडदा अर्धा ओढलेला, आणि त्यातून जेवढं ऊन फरशीवर येत होतं त्याच्याकडे मी बोट केलं. मग लक्षात आलं आणि त्याचा हात धरून त्या उन्हात ठेवला.

"एवढा," मी म्हटलं. "नाही, याहून कमी." आणि पडदा अजून थोडा ओढला.

"एवढा?"

"अजून थोडा कमी."